दुसऱ्या पडद्याचा आवाज

लिफ्टने दुसरा मजला सोडला आणि तो आवाज झाला. शेजारच्या बाईने हात लांब करून फोन धरला, मान तिरपी केली, ओठ आवळले, अंगठा दाबला आणि फोनमधून शटर वाजलं. फोनमध्ये कसलं आलंय शटर? नाटकात पडद्यामागे करवंट्या आपटून घोडा धावतो, त्यातलाच प्रकार. कधीतरी कुणीतरी एका खऱ्या कॅमेऱ्याचा आवाज भरून घेतला आणि आता तो निम्म्या जगाच्या खिशातून वाजतो. हे कानसेनला ठाऊक होतं. बसथांब्यावर, दवाखान्यात शेकडो वेळा त्याने तो ऐकला होता. पण इतक्या जवळून, लोखंडी पेटीत, लेकीने बसवून दिलेलं नवं श्रवणयंत्र कानात असताना ऐकण्याची ही पहिलीच वेळ. त्याच्या पाठीतून कळ गेली. आवाज एक नव्हता. ठक् झालं, आणि त्या ठक्‌च्या शेपटीला, पाल चुकचुकावी तसं, आणखी एक बारीक ट् होतं. दुसरा पडदा उडत होता.

"आजोबा, चक्कर येतेय का?"

"परत दाबा," तो म्हणाला.

"आँ?"

"ते फोटोचं. परत दाबा एकदा."

बाईने फोन पर्समध्ये घातला, पर्स छातीशी धरली आणि चौथा मजला येईपर्यंत ती दाराकडे बघत उभी राहिली. बरोबरच होतं तिचं. बंद लिफ्टमध्ये बहात्तर वर्षांचा म्हातारा परत दाबा म्हणतो, तेव्हा शहाण्या बाईने पर्सच धरावी.

दुसरा पडदा उडतो म्हणजे काय, हे आज सांगायचं तरी कुणाला? फिल्मच्या कॅमेऱ्यात दोन कापडी पडदे असतात. पहिला धावतो आणि उजेडाला वाट करून देतो, दुसरा त्याच्या मागोमाग धावून ती वाट बुजवतो. मधल्या फटीतून जो काय उजेड पडेल तो फोटो. फट जितकी अरुंद तितकं काम कठीण. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाला ती काडेपेटीच्या काडीएवढी राहते. पण खरी कसोटी धावण्याची नसते, थांबण्याची असते. दुसरा पडदा आला की जागच्या जागी मेला पाहिजे. तो आपटून केसभर जरी मागे उडाला तरी उजेड आत शिरतो आणि प्रत्येक फोटोच्या कडेला एक पांढरा पट्टा उमटतो. लग्नाचा फोटो असो की मयताचा, पट्टा ठरलेला. कानसेनने कॅमेऱ्याच्या कारखान्यात आयुष्याची अठ्ठावीस वर्षं या पडद्याला थांबायला शिकवण्यात घालवली. कॅमेऱ्याचं उघडं धड तो जबड्याच्या हाडाला टेकवायचा, डोळे मिटायचा आणि दाबायचा. कान फसवतो, हाड फसवत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मास्तर, म्हणजे त्यांचा फोरमन, पहिल्याच वर्षी म्हणाला होता, "तानसेन होणं तुझ्या नशिबात नाही, तू आपला कानसेनच." तेव्हापासून हजेरीचा कारकूनसुद्धा त्याचं खरं नाव विसरला.

लिफ्टमधला आवाज त्यांच्याच कॅमेऱ्याचा होता. याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. आई आपल्या पोराचं रडणं शंभरांत ओळखते, ते काही तिने प्रयोगशाळेत तपासलेलं नसतं. आणि पडदा उडतोय म्हणजे तो शेवटच्या वर्षातला. त्याच वर्षातले उडत होते. दाराशी बेल दाबून उभं असताना त्याला तो सबंध हिवाळा आठवला. परत आलेली खोकी, प्रत्येक खोक्यात गिऱ्हाइकाची चिठ्ठी आणि पट्टा पडलेले फोटो. मास्तर ती त्याच्या बाकावर ठेवायचा, एक शब्द न बोलता. एके दिवशी मात्र बोलला. "कानसेन, कान गेला का रे तुझा?" त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. आठ महिन्यांनी कारखाना बंद झाला. कारणं खंडीभर होती. जग डिजिटलच्या मागे लागलं होतं आणि वरच्यांना जमीन विकायची घाई होती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण कानसेनच्या पोटात एक वेगळंच कारण बावीस वर्षं घर करून बसलं होतं. ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोला तर मुळीच नाही.

बायको जुनी चादर कापून फडकी करत बसली होती. खूण नाही, पट्टी नाही, कात्री नुसती सरळ चालत होती. ती त्याच कारखान्यात पडद्याच्या खोलीत होती. काळ्या रबरी कापडाचे पडदे कापायचे, चिकटवायचे, हे सत्तावीस वर्षं तिचं काम.

"दार उघडं असताना बेल कुणासाठी वाजवलीत?"

"त्या कारखान्याच्या पोरीचा नंबर कुठाय?"

कात्री थांबली. "जिला परवा 'माझ्यापुरता तो कारखाना मेला' असं सांगून फोन आपटलात, तीच का?"

"तीच."

"मग काय, मेलेला उठून बसला की काय?"

कानसेन खुर्चीवर बसला आणि परवाचं सगळं बोलणं त्याच्या डोक्यात पहिल्यापासून सुरू झालं. पोरगी इंजिनीयर होती. काका, म्हणाली होती, आम्ही कंपनीचं नाव घेतलंय, सगळे नकाशे घेतलेत, शेडचा एक कोपरा भाड्याने घेतलाय आणि फिल्मचे नवे कॅमेरे बनवतोय. आधी पाचशे. तो हसला होता. बैलगाड्या पण काढा म्हणाला होता. ती रागावली नाही. फिल्म अजून बनते काका, म्हणाली, तरणी पोरं रांगा लावून घेतात. मरतायत ते जुने कॅमेरे. एक जगवायला तीन फाडावे लागतात, आणि दुरुस्त करणारे तर त्याहून भराभर चाललेत. दहा वर्षांनी फिल्म असेल आणि ती घालायला काही नसेल. मग तिचा आवाज खाली आला होता. शटर बसत नाहीये. नकाशाप्रमाणे सगळं केलंय, केसाच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजून, तरी कडेला पट्टा येतो. शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर मालक आमच्या या सांगाड्यात डिजिटल घालणार. वरून तसाच दिसेल. आवाजासाठी छोटा स्पीकर. "घाला," कानसेन म्हणाला होता आणि त्याने फोन आपटला होता. जगाने एवढी फसवाफसवी पचवली, त्यात आणखी एक. त्याचं काय जात होतं?

पण आता जात होतं. स्पीकरमध्ये आवाज भरतील तो कुठला? हाच. चुकचुकणारा. माणूस मरतो, कारखाना मरतो, आणि मागे काय उरतं, तर चुकलेल्या वर्षातलं एक चुकलेलं शटर, कायमचं. त्याच्या हातून चाळीस हजार शटरं सरळ गेली असतील. त्यांतलं एकही कुणी भरून ठेवलं नाही.

"उद्या जातो," तो म्हणाला.

"जा. पण तो लोकरीचा स्वेटर घालू नका," बायको चादरीतून मान वर न काढता म्हणाली. "तूस उडते. मास्तर मेला असला तरी शेडमध्ये भूत असेल त्याचं."

शेडचा तीन चतुर्थांश भाग आता पार्सलांचं कोठार होता. पट्ट्यांवरून पुठ्ठ्याची खोकी सरकत होती, पिवळी जाकिटं घातलेली माणसं धावत होती, आणि कुणाला मान वर करून बघायची फुरसत नव्हती. पूर्वी इथे दीडशे माणसं असायची आणि टाचणी पडली तर ऐकू यायची. खरंच यायची, टाचणी पाडणाऱ्याला मास्तर दारापर्यंत पोचवून यायचा. छत मात्र तेच होतं, उत्तरेकडच्या काचांचं, सावली न पाडणारा उजेड खाली सोडणारं. त्या उजेडाखाली कानसेनचे पाय आपोआप डावीकडे वळले, चौथ्या खांबाकडे, आणि तिथे बाक नव्हता. तिथे शीतपेयाचं यंत्र उभं होतं. याच खांबाशी शेवटच्या दिवशी मंच घातला होता. मोठे साहेब भाषणात म्हणाले होते, तुमचं कौशल्य कुठेही जाणार नाही, ते कंपनीच्या नकाशांत सुरक्षित आहे. टाळ्या वाजल्या. हे आठवलं की आजही त्याच्या कानशिलाची शीर उडायची. साहेबाचा राग होताच, त्याहून जास्त टाळ्यांचा होता. त्यात दोन हात त्याचेही होते. माणसाला त्याच्या हातासकट भंगारात काढायचं, वर म्हणायचं काळजी नको, तुझे हात आमच्या फाइलीत आहेत. आणि तेच हात टाळ्या वाजवतात. शिवी घालायची तर कुणाला घालायची?

कोपऱ्यात काचेची खोली होती. पोरगी तिशीची, डोळ्यांखाली काळं, तीन बोटांना चिकटपट्ट्या. त्या पट्ट्या बघून तो जरा निवळला. "या काका, बसा. चहा मागवू?"

"इथे?"

"हो, का?"

"वाफ धरते भिंगावर. चहा बाहेर प्यायचा."

तिने स्वतःचा कप हळूच उचलला आणि खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. तेवढ्यात मालक आला. पस्तिशीचा, टीशर्ट, भरभर बोलणारा, माणूस वाईट नव्हता. दीड वर्ष स्वतःचं घर विसरून तो इथे पडलेला होता, हे त्याच्या चपलांवरून दिसत होतं. "काका, तुम्ही आलात, भारी झालं. लोकांना काय हवंय माहितीये का? फील. हातात घेतल्यावर एक फील आला पाहिजे."

"फील गळवाचापण येतो," कानसेन म्हणाला. "कॅमेऱ्याचा फोटो यायला पाहिजे."

पोरगी हसली. मालकही हसला, पण घड्याळ बघून. "शुक्रवार," तो तिला म्हणाला. "त्यानंतर स्पीकरवाल्याला हो म्हणावं लागेल. मला हौस नाहीये गं, पण दुसरा रस्ता दाखव ना." आणि गेला.

तिने नवा सांगाडा त्याच्या पुढ्यात ठेवला. सुरेख होता. त्यांच्या काळापेक्षा सफाईदार, हे कबूल करताना त्याच्या तोंडाला कडू आलं. त्याने भिंग लावलं आणि सरळ दुसऱ्या पडद्याच्या ब्रेककडे गेला. लवचीक पात्याची पट्टी, खाली फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गोल चकती, नकाशात होती तशी. फक्त चकती. "याच्याखाली काय असतं?" त्याने विचारलं, माहीत नसल्यासारखं.

"खाली? काहीच नाही, सरळ पितळ. पण काका, गंमत सांगते. जुने अकरा कॅमेरे आणून उघडले आम्ही, नकाशाशी ताडायला. बहुतेकांत त्या जागी काहीतरी काळी घाण चिकटवलेली होती. कुठल्यातरी मेकॅनिकचं ठिगळ. स्पिरिटने सगळी साफ केली."

कानसेनने भिंग काढलं. "किती जणांत होती घाण?"

"आठ... नऊ."

"नऊ वेगवेगळ्या गावांतून आणलेले नऊ कॅमेरे. एकाच मेकॅनिकने ठिगळ लावत हिंडायचं म्हणजे भलताच नेक माणूस असला पाहिजे, नाही का गं?"

तिचं तोंड उघडं राहिलं. पुढचं सांगायचं की नाही हे त्याचं ठरलंच नव्हतं. ती घाण म्हणजे पडद्याच्या कापडाची कातरण होती, नखाएवढी. नकाशातली फेल्टची चकती महिन्याभरात दगड होते, हे त्याच्या बाकावरच्या चौघांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. कातरण खाली घातली की पडदा बसतो, हेही त्यांनाच कळलं. नकाशाच्या खोलीत जाऊन सांगायचं म्हणून तो उठला तेव्हा मास्तरने त्याचा खांदा दाबून खाली बसवलं. "कागदाला सगळं सांगू नये. सगळं सांगितलं की कागद तुझ्या स्टुलावर येऊन बसतो." अठ्ठावीस वर्षं त्या चौघांनी कागदापासून ती कातरण लपवली. बाकी तिघे गेले, मास्तरही गेला. पडद्याच्या खोलीतून कातरण चोरून आणायला एक मुलगी लागायची, ॲप्रनच्या खिशात घालून. पोत्यात भरलेल्या कातरणीचं रोज वजन व्हायचं, म्हणून ती घाबरायची, तरी आणायची. जेवणाच्या सुट्टीत नळापाशी ती मूठ उघडायची, तो आपली मूठ तिच्यावर ठेवायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं यांचं जुळतंय. आधी जुळत नव्हतं. रोज मूठ देता-घेता तिसऱ्या वर्षी जुळलं. पुढे लग्नात मास्तर म्हणाला होता, चोरीचा माल अखेर पकडला गेला.

"मला पडद्याच्या कापडाचा तुकडा दे," तो पोरीला म्हणाला, "आणि तासभर एकट्याला बसू दे."

तुकडा मिळाला. त्याने नखाएवढी चकती कापली, डिंक लावला, ब्रेकखाली बसवली. हात विसरत नाहीत, मालकापेक्षा इमानी जात आहे ती. मग त्याने कॅमेरा आधी कानाशी धरला आणि दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. परत दाबलं. शांतता. मग लक्षात आलं की कानातलं यंत्र असले आखूड, तीक्ष्ण आवाज गिळतं. डॉक्टरने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, भांडं पडलं तरी दचकायला होणार नाही. फोनमधला खोटा आवाज गाण्या-बोलण्यातला समजून त्याने जसाच्या तसा पोचवला होता आणि खरा गिळून टाकला होता. वा रे यंत्र! त्याने ते उपसून टेबलावर ठेवलं, डोळे मिटले, हाडाला कॅमेरा टेकवला. ठक्. आणि मागोमाग, ट्.

त्याने चकती काढली, दुसरी बसवली. ट्. तिसरी. जरा दाबून, जरा सैल. ट्. चौथ्या वेळी तोच हिवाळा परत आला. हेच झालं होतं तेव्हा. तीच कातरण, तोच हात, तोच जबडा, आणि पडदा उडायचा. तो दिवसभर बसायचा, संध्याकाळी डोळ्यांपुढे काजवे यायचे आणि शेवटी डोळेझाक करून तो कॅमेरा पुढे सारायचा. हो, सारायचा. खोकी परत येणार हे माहीत असून. आपला कान गेला हे कुणाला कळू नये म्हणून. साहेब चोर होते, पण चोर काय फक्त वरच बसतात?

पोरगी आत आली, तिने कॅमेरा तिच्या तपासणीच्या यंत्रावर चढवला. स्क्रीनवर रेघा उमटल्या. "काका, आधीपेक्षा कमी आहे! पट्टा अर्ध्यावर आला. काय केलंत?"

"पट्टा अर्धा असला तरी पट्टाच," तो म्हणाला. "स्पीकर लाव जा तुझ्या मालकाला सांगून. माझा कान गेलाय. आज नाही, बावीस वर्षांपूर्वी गेलाय."

घरी आल्यावर तो बूट न काढता गॅलरीत बसला. खाली रस्त्यावर दिवे लागत होते. बायको येऊन दारात उभी राहिली, काही विचारलं नाही. तिची ही सवय त्याला जन्मभर सोसवली नव्हती. ती विचारत नाही म्हणून माणूस सांगून बसतो. त्याने सांगितलं. आजचं सांगितलं, आणि मग घसरत घसरत त्या हिवाळ्यातलंही सांगितलं, खोकी, चिठ्ठ्या, मास्तरचा प्रश्न, डोळेझाक. बोलून झाल्यावर त्याला वाटलं आता ही उठून आत जाईल.

"कातरण कुठली घेतलीत?" बायकोने विचारलं.

"कुठली म्हणजे? पडद्याचीच."

"कापडाच्या कुठल्या भागातली?"

"अगं, कापड म्हणजे कापड. दिलं पोरीने एक तुकडा."

"आणि त्या शेवटच्या वर्षी? माझी खोली तर आधीच बंद केली होती. आम्हा सगळ्यांना घरी बसवलं आणि पडदे बाहेरून कापून यायला लागले. मग तेव्हा कातरण कोण देत होतं तुम्हाला?"

"स्टोअरमधून मागायचो. जुने फाटके पडदे असायचे, त्यातून कापायचो."

बायकोने कपाळावर हात मारला, आणि हसायला लागली. "अहो, मी तुम्हाला कातरण देत नव्हते! कातरणीचं पोतं वजन व्हायचं, त्यातून चिमूटभर घेतलं असतं तर मला हाकललं असतं. मी काठ देत होते. काठ! कापडाच्या गठ्ठ्याच्या कडेची पट्टी. ती आधीच कापून फेकायचो आम्ही, तिचं वजन कुणी करत नव्हतं. तिथे वीण दाट असते आणि रबर नावाला लागलेलं असतं."

"मग काय झालं? कापडच ना ते?"

"रबर उडवतं हो! चेंडू काय कापसाचा उडतो का? एकदा काठ संपला होता म्हणून मधला तुकडा दिला तुम्हाला, तर तीन दिवस तोंड फुगवून बसलात. म्हणालात, आज कसला माल दिलास. नळापाशी सगळ्यांसमोर. आठवतं?"

त्याला आठवत नव्हतं. "मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत का कधी? मला वाटलं, कानसेन आहेत, त्यांना माहीत असणारच. सगळा कारखाना म्हणायचा, काय कान आहे, काय कान आहे. मी आपली गप्प. रोज मूठभर काठ पोचवत होते." ती थांबली. हसू विरलं. "आणि तुम्ही तरी मला कुठे सांगितलंत? बावीस वर्षं एकटेच उरावर घेऊन बसलात. मी बाजूला झोपत होते ना?"

कानसेनला एकदम ती खोली दिसली, पडद्याची, जिथे तो अठ्ठावीस वर्षांत दोनदा गेला असेल; रबराच्या द्रावणाचा डोकं उठवणारा वास, पंख्याचा घरघराट, बारा बायका ओळीने, आणि त्यांतल्या एका बाईची कात्री, जिच्याकडे त्याने कधी नीट बघितलंच नाही, कारण मूठ उघडली की तो फक्त आत बघायचा. कान गेला नव्हता. ती गेली होती. तिला घरी बसवलं त्या महिन्यात पडदे उडायला लागले, आणि त्याने, मोठ्या कानसेनने, बेरीज केली नाही. घरात ती समोर बसलेली असताना तो हाडात बिघाड शोधत होता.

गुरुवारी दोघं गेली. बायकोनेही लोकर घातली नाही. पोरीला वाटलं काका निरोप घ्यायला आले. "ही काकू," कानसेन म्हणाला. "नकाशात जे नाही ते हिच्याकडे आहे."

"कापड कुठे कापता?" काकूने विचारलं.

"लेसर आहे आमच्याकडे. कडेचा भाग आपोआप बाजूला पडतो."

"पडतो तो कुठे जातो?"

"कचऱ्यात."

बायको खाली बसली आणि तिने सरळ कचऱ्याच्या डब्यात हात घातला. कोपरापर्यंत. काळ्या, चिंचोळ्या पट्ट्यांचा गुंता तिने मांडीवर घेतला, एकेक पट्टी अंगठा आणि तर्जनीत ओढून बघितली. "ही नको. ही पण नको. ही बघ, पोरी, हात लाव. कळतंय का? इथे रबर कमी आहे, बोट घसरत नाही." पोरीने चिकटपट्ट्या लावलेली बोटं पुढे केली. चाचपडली. मग तिसऱ्या खेपेला तिने स्वतःच एक पट्टी उचलून काकूपुढे धरली, आणि काकूने मान डोलावली. कानसेन बाजूला उभा राहून बघत होता. या दोघींच्या मध्ये त्याचं काही काम नव्हतं, आणि हे जरा झोंबलं, आणि जरा बरंही वाटलं.

चकती कापली बायकोने, बसवली त्याने. कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. कॅमेरा जबड्याला लावला. मालकही दारात येऊन थांबला होता. त्याने डोळे मिटले आणि दाबलं.

ठक्.

तो वाट बघत राहिला. शेपूट आली नाही. दाराला कडी लागावी तसा आवाज, मागे काही न ठेवणारा. त्याने वीस वेळा दाबलं, वीसही वेळा पडदा आला आणि मेला. पोरीने कॅमेरा ओढूनच घेतला, यंत्रावर चढवला, आणि स्क्रीनवरची रेघ बघून ती खुर्चीत मटकन बसली. "सपाट आहे," ती म्हणाली. मालकाने कॅमेरा उचलला, उलटा केला, पाठीवर फोटो दिसतो का म्हणून सवयीने बघितला, मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "फिल्म घालून धुवावी लागेल ना. उद्यापर्यंत थांबू. स्पीकरवाल्याला पण थांबायला सांगतो."

"थांबायला नको, घरी जायला सांगा," कानसेन म्हणाला.

पोरीने नकाशा टेबलावर पसरला. जुनाच नकाशा, कोपऱ्यात मेलेल्या माणसांच्या सह्या. ब्रेकच्या चित्राखाली पेन्सिल टेकवून तिने विचारलं, "काका, लिहू का?"

त्याला मास्तरचा पंजा खांद्यावर जाणवला. सांगितलं की संपलं. उद्या कुणीही पोरगं, कुठल्याही गावात, हा कागद वाचून शटर बसवेल, आणि कुणाला कळणारही नाही की एका नळापाशी काय चालायचं. पण मास्तर, तो मनात म्हणाला, नाही सांगितलं तरी स्टूल कुठे राहिलं? तिथे शीतपेयाचं यंत्र आहे.

"लिही," तो म्हणाला. "मला विचारू नकोस, तिला विचार. ती सांगेल तसं लिही."

बायको सांगत होती आणि पोरगी लिहीत होती. काठाची पट्टी, नखाएवढी, रबराची बाजू खाली. लिहून झाल्यावर त्याला अंग हलकं वाटलं, ओझं उतरल्यासारखं, आणि खिसा कापला गेल्यासारखंही. त्याने कॅमेरा परत हातात घेतला.

"मी कधी ऐकलंच नाही हे," बायको म्हणाली.

"काय?"

"तुमचं ते शटर. आमच्या खोलीत पंखा. सत्तावीस वर्षं पडदे कापले, पण ते वाजतात कसे, कुणी ऐकवलं नाही."

कानसेनने खुर्ची पुढे ओढली, तिला बसवलं, केस कानामागे सारले आणि कॅमेरा तिच्या जबड्याच्या हाडाला टेकवला. "डोळे मीट. कानाने नाही, इथून ऐकायचं." त्याने दाबलं.

ती डोळे मिटून तशीच राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"एवढ्यासाठी सगळं आयुष्य कान टवकारून बसलात होय?" तिने डोळे उघडले नाहीत. हनुवटी जरा पुढे केली, कॅमेरा नीट टेकावा म्हणून. "दाबा बघू परत."